भौतिकशास्त्र: आधी कल्पना की आधी सूत्र?

पर्वतीपायथा

मी सहकारनगरात घरीच अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. यंदा निम्म्याहून जास्त मुलं बी ग्रुपची आहेत, म्हणजे बायोलॉजी ठेवून गणित सोडलेली. दहावीनंतर गणिताची कटकट मिटली असं समजून ती येतात आणि बोर्डाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा निघतो गणिती पद्धतींचा. व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. तिथून पुढे वर्षभर ही मुलं सूत्रं पाठ करतात, किमती घालतात, उत्तर काढतात. उत्तर बरोबर येतं. काय घडतंय ते मात्र दिसत नाही.

म्हणून हल्ली नवा धडा सुरू करताना मी फळ्यावर सूत्र लिहीतच नाही. आधी प्रश्न आणि त्यावर मुलांची भांडणं. उदाहरण देते. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटल्यावर, वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? हवेचा विरोध धरू नका. जवळजवळ सगळा वर्ग सांगतो की हाताने दिलेलं बल वरच्या दिशेने आहे, गुरुत्वाकर्षण खाली आहे, वरचं बल संपत संपत जातं, माथ्यावर दोन्ही सारखी होतात आणि चेंडू क्षणभर थांबतो.

यात सगळं जुळतं आणि तरी सगळं चूक आहे. सुटलेल्या चेंडूला हात काही करू शकत नाही. वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना बल एकच, खालच्या दिशेने. मग मी विचारते, माथ्यावर त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, शून्य आहे का? 'हो, चेंडू थांबलाय ना.' ठीक आहे, वेगही शून्य आणि वेगात बदलही होत नाही, तर मग चेंडू खाली का येईल? तिथेच लटकून राहील. वर्ग गप्प होतो. मग एखादीच्या चेहऱ्यावर उजेड पडतो आणि ती शेजारणीला समजवायला लागते. या मुलांनी वेगाचं 'व्ही बरोबर यू अधिक एटी' हे सूत्र वापरून पानंच्या पानं सोडवलेली असतात, तरी हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो.

मला जाणकारांकडून दोन गोष्टी हव्या आहेत. तुम्ही कोणते प्रश्न वापरता? आणि गणित नेमकं कुठे आणता?

मुळाक्षर

+१. चेंडूचा प्रश्न इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला विचारा. तिथेही अगदी हेच उत्तर मिळतं. धागा वाचतोय.

रेषाखंड

मी थोडा विरोध नोंदवतो. इंजिनिअरिंगला शिकवतो, त्यामुळे पुढे काय होतं ते रोज बघतो. गणित काढून घेतलं की भौतिकशास्त्राच्या फक्त गप्पा उरतात. कृष्णविवरांवर तासभर बोलणारी मुलं येतात आणि साध्या स्प्रिंगला वजन लावल्यावर ती किती ताणेल हे त्यांना सांगता येत नाही.

नुसत्या कल्पनेवर विसंबलं तर काय होतं बघा. जंगली महाराज रस्त्यावर तुम्ही ताशी तीसने स्कूटर चालवताय, ब्रेक दाबला आणि काही अंतरावर थांबलात. ताशी साठने जाताना तोच ब्रेक तेवढाच दाबला तर अंतर किती वाढेल? मन म्हणतं दुप्पट. खरं उत्तर चौपट. हा फरक जीवावर बेतणारा आहे आणि तो सांगतं ते सूत्र. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे गणिताशिवाय कसं कळणार?

पर्वतीपायथा

सर, हाच प्रश्न मी घेते! आणि सूत्राआधी घेते. वेग दुप्पट झाला, ब्रेक तेवढाच, म्हणजे थांबायला वेळ दुप्पट लागणार. त्या दुप्पट वेळात गाडीचा सरासरी वेगसुद्धा दुप्पट. दुप्पट वेळ, दुप्पट सरासरी वेग, म्हणून अंतर चौपट. बी ग्रुपची मुलं हे स्वतः काढतात, आणि तिप्पट वेगाला नऊपट हेही न विचारता सांगतात. त्यानंतर सूत्र लिहिलं की वेगाच्या डोक्यावरचा तो दोनचा आकडा कुठून आला हे त्यांना माहीत असतं.

रेषाखंड

ही मांडणी मला मान्य आहे. पण मग याला 'गणिताशिवाय' म्हणू नका. प्रमाण हे गणितच आहे.

पर्वतीपायथा

मान्य. मी गणिताच्या विरोधात नाहीच. माझा आक्षेप क्रमाला आहे. नातं कळण्याआधी चिन्हं हातात दिली की मूल चिन्हांशीच खेळत बसतं.

तपकीरगल्ली

माझी भर. विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज तयार होणं, हा बारावीतला सगळ्यात पाठ केला जाणारा धडा असेल. लेंझचा नियम, त्यातलं ऋण चिन्ह, झालं. मी हा धडा एका पाइपवर शिकवतो. बोहरी आळीत तांब्याच्या पाइपचा हातभर तुकडा मिळतो, बुधवारात निओडायमियम चुंबक मिळतात. आधी चुंबक पाइपला लावून दाखवायचा, चिकटत नाही. मग पाइप उभा धरून चुंबक वरून आत सोडायचा. तो संथ तरंगत खाली येतो. त्याच आकाराचा लोखंडाचा साधा तुकडा सोडला तर टणकन खाली. मुलं पाइपमध्ये डोळा घालून बघतात, गोंद लावलाय का म्हणून बोट फिरवतात.

इथे थांबलं तर ती जादू होते. खरा तास इथून सुरू होतो. पाइप म्हणजे एकावर एक ठेवलेली तांब्याची कडी समजा. चुंबक जवळ येतो तसं कड्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं, कड्यात विद्युतधारा वाहते आणि त्या धारेचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. आता ते क्षेत्र चुंबकाला अडवेल की ढकलेल? नियम माहीत नाही असं समजा. ढकलत असेल तर चुंबक आणखी वेगाने पडेल, धारा वाढेल, त्यामुळे आणखी ढकलेल, आणि वर पाइपही तापेल. वेगही वाढला आणि उष्णताही मिळाली, हे सगळं कुठून आलं? फुकटातून. हे शक्य नाही, म्हणून अडवणंच भाग आहे. लेंझच्या नियमातलं ऋण चिन्ह, म्हणजे हेच अडवणं, ऊर्जेच्या हिशोबातून आपोआप निघालं, पाठ करायचं काही राहिलं नाही.

मग पुढचा प्रश्न: पाइप खूप जाड केला, चुंबक खूप ताकदीचा घेतला, तर तो मध्येच पूर्ण थांबेल का? मुलं 'हो' म्हणतात. थांबला तर क्षेत्र बदलायचं थांबेल, धारा थांबेल, मग त्याला धरून ठेवणारं कोण? म्हणजे हळू होईल, अतिशय हळू होईल, पण थांबणार नाही. हा तर्क करायला एकही समीकरण लागत नाही आणि यात खरं भौतिकशास्त्र ठासून भरलंय.

पर्वतीपायथा

हे फार सुंदर आहे. येत्या रविवारीच करते. 'थांबेल का' हा प्रश्न मला सुचला नव्हता.

टेकडीवरचा

या चर्चेत मायकेल फॅरेडेंचं नाव आलंच पाहिजे. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, गणिताचं शिक्षण जवळपास नाही. १८३१ मध्ये त्यांनी प्रवर्तनाचा शोध लावला, ज्यावर आजची सगळी जनित्रं चालतात. लोखंडाच्या किसात दिसणाऱ्या बलरेषा त्यांना नुसत्या आकृत्या वाटत नव्हत्या. चुंबकाभोवतीच्या रिकाम्या जागेत खरोखर काहीतरी आहे, असं ते मानत. त्या काळच्या गणितींना हे फारसं रुचलं नाही. त्यांच्याकडे दोन वस्तूंमधल्या अंतरावरून बल काढायची सूत्रं तयार होती आणि ती व्यवस्थित चालत होती.

तरुण जेम्स क्लर्क मॅक्सवेलनी मात्र या रेषा मनावर घेतल्या आणि त्यांना गणिती रूप दिलं. १८५७ मध्ये फॅरेडेंनी त्यांना एका पत्रात विचारलं होतं की गणितज्ञ जे निष्कर्ष काढतात, ते साध्या भाषेतही तितक्याच पूर्णपणे आणि स्पष्टपणे मांडता येणार नाहीत का, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील. हा प्रश्न मला आजच्या बी ग्रुपच्या मुलांचा वाटतो.

पण रेषाखंड सरांची बाजूही इतिहासात आहे. प्रकाश म्हणजे बलरेषांची थरथर असावी, असा अंदाज फॅरेडेंनी १८४६ मध्येच जाहीरपणे बोलून दाखवला होता. त्यापुढे ते जाऊ शकले नाहीत. मॅक्सवेलच्या गणितातून त्या लहरींचा वेग निघाला, तो मोजलेल्या प्रकाशवेगाशी जुळला, आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस हर्ट्झनी तशा लहरी प्रयोगशाळेत तयार केल्या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या ज्या रेडिओलहरी टिपतात त्या याच. कल्पना नसती तर मॅक्सवेलना गणित कशाचं करायचं हेच कळलं नसतं, आणि गणित नसतं तर तो अंदाज अंदाजच राहिला असता.

मुळाक्षर

अवांतर: खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास जीएमआरटी सर्वांना बघायला खुलं असतं. मुलांना घेऊन जाच.

तासिका_आठवी

मी क्लासमध्ये सीईटीची तयारी करून घेतो, म्हणून जमिनीवरची अडचण मांडतो. एमएचटी-सीईटीला फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला मिनिटभरही नाही. पालक विचारतात, 'किती पेपर सोडवून घेतलेत?' चेंडूच्या माथ्यावर अर्धा तास भांडणं झाली असं मी त्यांना सांगू शकत नाही. अप्पा बळवंत चौकातून सोडवलेल्या उदाहरणांचे गठ्ठे येतात आणि मुलं त्यात बुडून जातात.

तरीही मी या धाग्याच्या बाजूने आहे, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. कप्पीवरून दोरी टाकून दोन्ही टोकांना दोन वजनं लावली, तर त्वरण किती? चार पर्याय दिलेले असतात. पाठ केलेलं सूत्र ऐन वेळी डोक्यात उलटं-सुलटं होतं. मी मुलांना टोकाच्या स्थिती तपासायला लावतो. दोन्ही वजनं सारखी असतील तर काही हलणार नाही, म्हणजे उत्तर शून्य यायला हवं. एक वजन काढूनच टाकलं तर दुसरं मोकळं पडेल, म्हणजे उत्तर थेट गुरुत्वत्वरण यायला हवं. या दोन कसोट्यांवर बहुतेक वेळा तीन पर्याय गळतात. उरतो तो, ज्यात वर वजनांची वजाबाकी आणि खाली बेरीज आहे. वेळ वाचतो, आणि सूत्र असंच का आहे तेही कळतं.

माझं म्हणणं एवढंच, की परीक्षेचं कारण सांगून कल्पनांना काट मारू नका. घाईत त्याच कामी येतात.

बारावी_ब

मी बारावीत आहे, बी ग्रुप. खरं सांगू का, आम्हाला गणिताची भीती वाटते ती गणित अवघड असतं म्हणून नाही, तर ते कशासाठी चाललंय हे कळत नाही म्हणून. तासिका_आठवी सरांची टोकाची युक्ती आजच वापरून बघितली. चालते.

जुना_हौद

पुण्यात बसून द्रव आणि दाब शिकवायचा असेल तर कात्रजच्या नळाइतकं चांगलं उदाहरण नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यात, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून पार शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं. पंप नाही, इंजिन नाही. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर पडायला मनोरे, बांधले, त्यातले काही आजही उभे आहेत.

मुलांना तिथे उभं करून विचारावं: पाणी इतक्या लांब आलं कशाच्या जोरावर? 'उतार' हे उत्तर लगेच येतं. मग विचारावं, वाड्यात कारंजं लावलं तर ते जास्तीत जास्त किती उंच उडेल? आणि तलावात पाणी दुप्पट साठलं पण पातळी तेवढीच राहिली, म्हणजे तलाव फक्त पसरट झाला, तर कारंजं उंच जाईल का?

इथे मुलं फसतात. जास्त पाणी म्हणजे जास्त जोर, असं वाटतं. पण दाब ठरतो पाण्याच्या उंचीवर, साठ्यावर नाही. सोसायटीतलंच बघा. गच्चीवरची टाकी एकच, तरी तळमजल्याच्या नळाला धार जोरात आणि वरच्या मजल्यावर मंद. टाकी रुंद करून वरच्या मजल्याची तक्रार मिटत नाही, ती उंच चौथऱ्यावर चढवावी लागते. आणि कारंजं तलावाच्या पातळीच्या वर कधीच जाणार नाही, कारण खाली येताना पाण्याने जेवढं कमावलं तेवढंच वर जाताना खर्च करता येतं. वाटेतल्या घर्षणामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमीच. एवढं पटलं की 'घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची' हे सूत्र मुलं स्वतः अर्धं बोलून दाखवतात.

रेषाखंड

जुना_हौद, उत्तम. 'स्वतः अर्धं बोलून दाखवतात' हे मला महत्त्वाचं वाटलं.

कोथरूडची_आई

माझा प्रश्न फार प्राथमिक आहे. बस कात्रज घाटात वळताना आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो. मग बाहेर ढकलणारं बल असतंच ना? मुलगा नववीत आहे, तो म्हणतो नसतं. मला पटत नाही, कारण ते अंगाला जाणवतं.

पर्वतीपायथा

ताई, प्रश्न प्राथमिक अजिबात नाही. डोळे मिटून कल्पना करा की तुम्ही बसमध्ये नाही, वरच्या डोंगरावरून बस बघताय. बसचं छप्पर काचेचं आहे. बस डावीकडे वळली. आत उभ्या माणसाचं अंग सरळ जात होतं, ते सरळच जायला बघतंय. त्याच्या पायाखालची बस डावीकडे सरकली, म्हणून उजवी बाजू येऊन त्याला टेकली. आता ती बाजू त्याला आत ढकलते आणि बसबरोबर वळवते. डोंगरावरून बघणाऱ्याला बाहेर ढकलणारं कुणीच दिसत नाही.

पडताळा हवा असेल तर असं विचारा: वळणाच्या मध्यावर बस अचानक नाहीशी झाली तर माणूस कुठे जाईल? वळणाच्या केंद्रापासून थेट बाहेर, की ज्या दिशेने त्या क्षणी चालला होता त्या दिशेने पुढे? बाहेर ढकलणारं बल खरं असतं तर तो थेट बाहेर गेला असता. तो पुढे जातो. दोरीला दगड बांधून फिरवा आणि सोडा, मोकळ्या मैदानात, तेच दिसेल. तुमच्या अंगाला जाणवतं ते खोटं नाही. बसबरोबर फिरणाऱ्याने हिशोब मांडला की ते बल मानावं लागतं.

कोथरूडची_आई

काचेचं छप्पर डोळ्यासमोर आणलं आणि पटलं. मुलालाही वाचून दाखवते.

टेकडीवरचा

ही पद्धत म्हणजे नुसती कुणाची आवड नाही, हेही नोंदवतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत हेस्टिनीस आणि सहकाऱ्यांनी बल आणि गतीवरची एक प्रश्नावली तयार केली. आकडेमोड नाही, साध्या भाषेतले प्रश्न. हार्वर्डचे एरिक मझूर यांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा अवघड उदाहरणं सोडवणारी मुलं साध्या प्रश्नांत अडली. जड ट्रक आणि हलकी गाडी यांची टक्कर झाली तर कोण कुणावर जास्त बल लावतं, या धर्तीचे प्रश्न. उत्तर 'सारखंच' आहे. गाडीचा चुराडा होतो कारण तेवढंच बल तिच्या कमी वस्तुमानावर पडतं. एका विद्यार्थिनीने मझूरना विचारलं, ही उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मी एरवी विचार करते तशी? त्यानंतर त्यांनी व्याख्यान कमी करून वर्गात मुलांनाच एकमेकांशी वाद घालायला लावलं. पुढे १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६००० हून अधिक विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली. मुलांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत कल्पनांची समज साधारण दुपटीने जास्त सुधारलेली दिसली.

आपल्याकडे मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ पासून सरकारी शाळांत सहावी ते आठवीला प्रयोगांतून विज्ञान शिकवलं जायचं. परीक्षेत पुस्तक उघडून बघायची परवानगी असे, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. मला त्याचं आजही वाईट वाटतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली, ती परंपरा आपल्या दारात आहे.

तपकीरगल्ली

+१. फक्त खेळणं करून झाल्यावर 'आता यात हे बदललं तर?' हा प्रश्न यायलाच हवा. नाहीतर टाळ्या वाजतात आणि मुलं घरी जातात.

रेषाखंड

पर्वतीपायथा, तुमच्या रविवारच्या वर्गासाठी माझ्याकडून एक प्रश्न. लहानशा टाकीत नाव तरंगतेय, नावेत दगड आहे. दगड उचलून पाण्यात टाकला, तो तळाशी गेला. टाकीतली पाण्याची पातळी वाढेल, उतरेल की तेवढीच राहील? सूत्र वापरायचं नाही.

मुळाक्षर

तेवढीच राहील ना? दगड आधीही टाकीतच होता.

बारावी_ब

मी प्रयत्न करते. टोकाची स्थिती घेते. समजा दगड वाळूच्या कणाएवढा आहे पण वजन एक किलो. नावेत असताना त्याला तरंगत ठेवायला नावेला एक किलो पाणी जास्त बाजूला सारावं लागतं, म्हणजे एक लिटर. पाण्यात टाकल्यावर तो फक्त स्वतःच्या आकाराएवढं पाणी सारतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. म्हणून पातळी उतरेल. साधा दगडसुद्धा पाण्यापेक्षा जड असतो, त्यामुळे थोडी का होईना, उतरेलच. बरोबर का सर?

रेषाखंड

बरोबर. माझ्या वर्गात हे उत्तर इतक्या थोडक्यात मला मिळालेलं नाही.

बारावी_ब

मग दगडाऐवजी लाकडाचा ओंडका टाकला तर?

पर्वतीपायथा

पातळी बदलणार नाही. का ते लिही.